पलंगाखालची गिटार

जुन्या इलेक्ट्रिक गिटारींच्या बाजारात सगळ्यात जास्त कौतुक होतं ते न वाजलेल्या गिटारीचं. 1950-60च्या दशकांत अमेरिकेतल्या एखाद्या मुलाला वाढदिवसाला फेंडर किंवा गिब्सन मिळते. चार दिवस बोटांची टोकं सोलवटतात, शिकवणीचा कंटाळा येतो, मैदानावरचे मित्र हाका मारतात. गिटार केसमध्ये जाते आणि केस पलंगाखाली. साठ वर्षांनी घर रिकामं करताना ती बाहेर निघते तेव्हा रंग लखलखीत असतो, पडद्यांवर तारांचा व्रण नसतो. दुकानदाराने लावलेलं पुठ्ठ्याचं लेबलसुद्धा खुंटीला तसंच लटकत असतं. तिकडच्या संग्राहकांच्या बोलीत ही 'पलंगाखालची गिटार'. तिच्यासाठी लोक जमीन विकल्यासारखे पैसे मोजतात.

थोडक्यात, एका मुलाने कंटाळून सोडून दिलं, म्हणून ही वस्तू अमोल ठरली.

त्या पिढीतली मुलं आता आजोबा-आजी झाली आहेत. त्यांच्यातल्या ज्यांनी गिटार सोडली नाही, किंवा सोडून नोकरीतून निवृत्त झाल्यावर पुन्हा धरली, त्यांच्या घरच्या भिंतींवर आज पाच, दहा, कधी पन्नास गिटारी टांगलेल्या दिसतात. नातवंडं सुट्टीत येतात आणि थेट त्या भिंतीकडे धावतात. इथेच या छंदाचा पेच सुरू होतो. वस्तू जशीच्या तशी ठेवायची तर मुलांचे हात लांब ठेवायला हवेत, आणि मुलांचे हात लांब ठेवले तर पुढच्या पिढीसाठी गिटार पुन्हा पलंगाखालीच गेली म्हणायची.

ही पिढी गिटारवेडी का झाली याला एक तारीखच देता येते. 9 फेब्रुवारी 1964. त्या रविवारी रात्री 'द एड सुलिव्हन शो' या कार्यक्रमात बीटल्स पहिल्यांदा अमेरिकी टीव्हीवर थेट दिसले आणि सुमारे 7 कोटी 30 लाख लोकांनी ते पाहिलं. जॉर्ज हॅरिसनच्या हातात ग्रेच होती, जॉन लेननच्या हातात रिकनबॅकर. दुसऱ्या दिवसापासून वाद्यांच्या दुकानांत बापांची रांग लागली. पुढच्याच वर्षी, जानेवारी 1965मध्ये, सीबीएस या प्रसारण कंपनीने फेंडर कंपनी 1 कोटी 30 लाख डॉलरला विकत घेतली. मालक बदलल्यावर दर्जा घसरला, अशी वादकांची तक्रार सुरू झाली आणि तिच्यातूनच 'प्री-सीबीएस' हा संग्राहकांचा मंत्र जन्माला आला. 1965च्या आधीची गिटार म्हणजे जुनं सोनं! तक्रारीत तथ्य होतं, पण थोडी भक्तीही होती. त्या आधीच्या गिटारीही सगळ्याच काही अप्रतिम नव्हत्या.

ज्या लिओ फेंडरच्या नावाने हा सगळा व्यवहार चालतो, तो कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावचा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नसे. पण यंत्र बिघडतं आणि ते उघडावं लागतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्याच्या टेलिकास्टर गिटारीची मान सरसाने चिकटवलेली नाही. चार स्क्रूंनी बसवलेली आहे. एक स्क्रू-ड्रायव्हर घ्या, पाच मिनिटांत गिटार टेबलावर सुटी होते. 1950-51मध्ये व्हायोलिनच्या परंपरेतल्या कारागिरांना हा प्रकार फळकुटाला तारा लावल्यासारखा वाटला. नातवंडांना घेऊन बसणाऱ्या आजोबांच्या दृष्टीने मात्र याहून सोयीचं वाद्य नाही.

कारण मुलांना वाजवण्याआधी उघडण्यात रस असतो. आणि जुनी गिटार उघडणं म्हणजे अस्सल गुप्तहेरगिरी आहे. आवाज कमी-जास्त करायच्या बटणाखाली जो गोल पत्र्याचा भाग असतो, त्यावर बारीक आकडे ठोकलेले असतात. समजा 3046320 असं दिसलं. पहिले तीन आकडे बनवणाऱ्या कंपनीचे, 304 म्हणजे स्टॅकपोल. पुढचे दोन वर्षाचे, 1963. शेवटचे दोन आठवड्याचे, विसावा. म्हणजे हा भाग मूळचाच असेल तर ही गिटार मे 1963च्या आधीची असूच शकत नाही, विकणारा काहीही सांगो. दहा वर्षांच्या पोराला हे गणित एकदा कळलं की तो घरातली प्रत्येक गिटार उघडायला मागतो. 1950च्या दशकातल्या फेंडरची मान काढली तर तिच्या बुडाशी कधी पेन्सिलीने लिहिलेली तारीख आणि 'टी. जी.' अशी अक्षरं सापडतात. ती टाडेओ गोमेझ या कामगाराची. 1954च्या काही स्ट्रॅटोकास्टरच्या पोटात चिकटपट्टीच्या तुकड्यावर 'मेरी', 'ग्लोरिया' अशी नावं आहेत. तारा जोडणाऱ्या कामगार बायकांची. त्या कारखान्यात मेक्सिकन वंशाचे कामगार मोठ्या संख्येने होते. ॲबिगेल इबारा यांनी 1956पासून तिथे काम केलं, आणि त्यांच्या हातचे पिकअप, म्हणजे तारांची थरथर विजेत बदलणारे भाग, लोक आज नाव घेऊन शोधतात.

तपासणी तिथे थांबत नाही. जुनं नायट्रोसेल्युलोज पॉलिश जांभळ्या प्रकाशाच्या बॅटरीखाली हिरवट-पिवळं चमकतं, आणि नंतर कुणी रंगाचा हात मारला असेल तर तो डाग वेगळा दिसतो. अंधाऱ्या खोलीत आजोबांनी ही बॅटरी लावली की नातवंडांना भुताच्या गोष्टीची मजा येते. सोल्डरिंगचे जुने डाग कुणी हलवलेत का, स्क्रूंची भोकं ताजी आहेत का, केसमध्ये पट्टा, पुसायचं फडकं, खरेदीची पावती शिल्लक आहे का, हे सगळं पाहिलं जातं. या सटरफटर वस्तूंना संग्राहक 'केस कँडी' म्हणतात. म्हणजे केसमधला खाऊच!

रंग पुन्हा दिलेला असेल तर गिटारीची किंमत साधारण निम्म्यावर येते.

या एका वाक्याने संग्राहकांच्या झोपा उडतात आणि आजोबांचं काम सोपं होतं. कारण कुणीतरी 1972मध्ये घरच्या गॅरेजमध्ये रंगवलेली किंवा खुंट्या बदललेली गिटार आवाजाला तितकीच गोड असते, आणि तिचं आणखी काही बिघडण्यासारखं उरलेलं नसतं. दुकानदार तिला 'प्लेअर ग्रेड' म्हणतात; कपाटाऐवजी हातात शोभणारी. जाणकार आजोबा नातवंडांसाठी याच जातीची गिटार घेतात. कपाटातली खरी 'पलंगाखालची' तशीच राहते आणि सगळा दंगा हिच्यावर होतो.

मूळपणाचा हा धर्म तसा सोयीने पाळला जातो. जॉर्ज हॅरिसनकडे 1961ची फिकट निळ्या रंगाची स्ट्रॅटोकास्टर होती. 1967मध्ये त्याने ती झगमगीत रंगांनी स्वतःच रंगवली आणि तिच्या डोक्यावर बायकोचं नेलपॉलिश फासलं. शाळकरी मुलाने केलं असतं तर पाठीत धपाटा बसला असता. आज 'रॉकी' नावाची ती गिटार त्याच्या मुलाकडे, धनीकडे आहे आणि कंपनी तिच्या हुबेहूब नकला विकते. आयर्लंडच्या गिटारवादक रोरी गॅलाहरने 1963मध्ये कॉर्क शहरात घेतलेल्या स्ट्रॅटचा रंग घामाने आणि वापराने जवळजवळ सगळा उडाला होता. 2024मध्ये ती लिलावात 8 लाख 80 हजार पौंडांच्या वर गेली. फेंडरने तर 1995पासून नव्या गिटारी ठोकून, घासून, मुद्दाम जुनाट करून विकायला सुरुवात केली, आणि लोक त्यासाठी जास्त पैसे मोजतात. म्हणजे ओरखड्यांवर कुणाचा राग नाही. ओरखडा कुणी काढला याला किंमत आहे. नातवाने काढलेल्या ओरखड्याचा भाव बाजारात शून्य, घरात मात्र वेगळा.

या किमती कशा चढल्या ते एका उदाहरणावरून दिसतं. गिब्सनने 1958 ते 1960 या काळात लेस पॉल गिटार लालसर-पिवळ्या सनबर्स्ट रंगात काढली. जेमतेम दीड हजारांच्या आसपास गिटारी बनल्या आणि खपल्या नाहीत म्हणून कंपनीने 1961मध्ये तो आकारच बंद केला. पुढे 1966मध्ये एरिक क्लॅप्टनने जॉन मेयॉलच्या अल्बमवर तीच जुनी गिटार मोठ्या आवाजाच्या अँपला जोडून वाजवली आणि सगळे तरुण ती शोधू लागले. 1968मध्ये रिक नील्सनने त्यातली एक गिटारवादक जेफ बेकला 350 डॉलरला विकली. आज तशा गिटारीला काही लाख डॉलर पडतात. 2008च्या मंदीत हा फुगा चांगलाच बसला होता, हेही ध्यानात ठेवलेलं बरं. नातवाच्या शिक्षणासाठी म्हणून गिटारीत पैसे गुंतवणाऱ्या अनेकांना तेव्हा घाम फुटला होता.

मुलांच्या बाजूने पाहिलं तर बाजारातली सगळ्यात गमतीची गोष्ट निराळीच आहे. फेंडरने 1956मध्ये म्युझिकमास्टर आणि ड्युओ-सॉनिक, आणि 1964मध्ये मस्टँग, अशा गिटारी खास विद्यार्थ्यांसाठी काढल्या. नेहमीच्या फेंडरमध्ये तारेची वाजती लांबी साडेपंचवीस इंच असते; यांची साडेबावीस किंवा चोवीस. पडदे जवळजवळ येतात, लहान पंजा पोचतो, तार थोडी सैल राहते. मोठ्या वादकांनी त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही, म्हणून त्या पुढे भंगाराच्या भावात मिळत. पैसे नसलेल्या तरुणांनी त्याच घेतल्या. कर्ट कोबेनने 'स्मेल्स लाइक टीन स्पिरिट'च्या व्हिडिओत वाजवलेली निळी मस्टँग 2022मध्ये 45 लाख डॉलरांच्या वर विकली गेली. डेव्हिड गिलमोरने 2019मध्ये पर्यावरणाच्या कामासाठी आपल्या गिटारी लिलावात काढल्या, तेव्हा त्याची प्रसिद्ध काळी स्ट्रॅट 39 लाख 75 हजार डॉलरला गेली होती. पोरांच्या गिटारीने थोरांच्या गिटारीला मागे टाकलं!

सीअर्स या टपालाने माल विकणाऱ्या कंपनीची सिल्व्हरटोन तर मुलांसाठीच जन्मली होती. डॅनइलेक्ट्रोने बनवलेल्या या गिटारीचं अंग हार्डबोर्डचं, पिकअप लिपस्टिकच्या नळीत बसवलेले, आणि 1960च्या दशकातल्या मॉडेलला केसमध्येच अँप आणि स्पीकर. केस उघडून उभी करायची, वायर जोडायची आणि वाजवायचं. त्याच काळातल्या टेइस्कोसारख्या जपानी गिटारींना चार-चार पिकअप आणि विमानाच्या कॉकपिटसारखी बटणं असत. घरातली मौल्यवान लेस पॉल सोडून नातवंडं या बटणवाल्या गिटारीला झोंबतात, हा बहुतेक आजोबांचा अनुभव. ते बरंच आहे, कारण या अजूनही परवडतात.

इलेक्ट्रिक गिटार लहान मुलांना जड जाईल, आधी साधी लाकडी शिकवावी, हा आपल्याकडे रूढ असलेला सल्ला उलटा आहे. इलेक्ट्रिकची तार बारीक असते. सगळ्यात वरच्या सुराची तार अनेकदा जेमतेम नऊ-सहस्रांश इंच जाड. ती पडद्याच्या जवळ असते, त्यामुळे कमी जोरात दबते. आवाज वाढवायचं काम अँपचं, बोटांचं नाही. हेडफोन लावला की शेजाऱ्यांची झोप मोडत नाही. एक सूचना मात्र ठामपणे द्यायला हवी. जुना व्हॉल्वचा अँप मुलांना कधीही उघडू देऊ नये. त्यात काहीशे व्होल्ट खेळतात आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये काही काळ टिकून राहतात. अमेरिकेतून आणलेला अँप आपल्या 230 व्होल्टला थेट जोडला तर तो एकदाच वाजतो.

मुलांना काय ऐकवायचं हा प्रश्न येतो तेव्हा आजोबांची गाडी क्लॅप्टन-हेंड्रिक्सवर अडते. नातीसाठी तरी सिस्टर रोझेटा थार्प शोधून दाखवावी. चर्चमधली भक्तिगीतं इलेक्ट्रिक गिटारवर वाजवणारी ही कृष्णवर्णीय बाई रॉक अँड रोलच्या आधीची. 1964मध्ये मँचेस्टरजवळच्या वापरात नसलेल्या रेल्वे स्टेशनवर तिचा कार्यक्रम टीव्हीसाठी चित्रित झाला, त्यात ती कोटबीट घालून प्लॅटफॉर्मवर ठसक्यात वाजवते. तिचा 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम'मध्ये समावेश व्हायला 2018 उजाडावं लागलं.

पिढ्यांमधल्या देवाणघेवाणीचं नोंदलेलं उदाहरण, ज्याच्या नावाने गिब्सनची ती गिटार निघाली त्या लेस पॉलचंच आहे. 1940च्या सुमारास त्याने चार इंची चौकोनी लाकडाच्या ओंडक्यावर तार ताणून 'द लॉग' नावाची गिटार बनवली. ती आज नॅशव्हिलच्या संग्रहालयात आहे. त्याच्या मित्राचा मुलगा, म्हणजे नात्याने त्याचा मानसपुत्रच, पाच वर्षांचा असताना लेस पॉलने त्याला पहिले कॉर्ड शिकवले. तो मुलगा म्हणजे पुढचा प्रसिद्ध गायक-वादक स्टीव्ह मिलर. तो आज स्वतः शेकडो गिटारींचा संग्राहक आहे. लेस पॉल मात्र नव्वदी उलटल्यावरही न्यूयॉर्कच्या एका क्लबमध्ये दर सोमवारी वाजवत राहिला, 2009मध्ये 94व्या वर्षी गेला तोवर.

आपल्याकडे अशा भिंती फारशा नाहीत, आणि त्याला कारण आहे. परदेशी वाद्यांवरचा कर आणि परवान्यांची कटकट यांमुळे 1970च्या दशकात मुंबईच्या बँडमधल्या मुलांनाही खरी फेंडर बहुतेक चित्रातच दिसे. पण माळ्यावर काहीच नसेल असं समजू नये. जगातली पहिली यशस्वी इलेक्ट्रिक गिटार, 1930च्या दशकाच्या सुरुवातीची रिकनबॅकरची 'फ्राइंग पॅन', ही मांडीवर आडवी ठेवून पोलादी कांडीने वाजवायची हवाइयन गिटार होती. आपल्याकडेही हवाइयनचाच जमाना आधी आला. व्हॅन शिपलीने इलेक्ट्रिक हवाइयनवर वाजवलेल्या हिंदी गाण्यांच्या तबकड्या घराघरांत होत्या, आणि कितीतरी हौशी मंडळी ऑफिसातून आल्यावर मांडीवर गिटार घेऊन बसत. त्यातली एखादी माळ्यावर धूळ खात असेल तर ती भंगारवाल्याला देण्याआधी नातीला दाखवावी. मग भूपिंदर सिंग यांनी 1971च्या 'दम मारो दम'मध्ये वाजवलेली गिटार ऐकवावी; गझलगायक म्हणून माहीत असलेला हा माणूस आधी गिटारवादक होता, याचं मुलांना नवल वाटतं.

गिटार जपायची तर आपली हवाही आडवी येते. कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात लाकूड दमटपणा पितं आणि मान वाकते. म्हणून केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या हव्यात, आणि चार महिने गिटार बाहेरच्या भिंतीला टांगू नये. मानेच्या आत बसवलेल्या लोखंडी सळीने वाक सरळ करता येतो, पण तो पाव फेऱ्याचा खेळ आहे, जोर लावणाऱ्याचा नाही.

या गिटारींशी आपलं आणखी एक नातं लाकडाचं. 1960च्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या अनेक गिटारींचे पडदे बसवलेली पट्टी ब्राझिलियन रोझवुडची असे. ते झाड दुर्मीळ झालं आणि 1992पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कडक बंदी आली. त्याची जागा घेतली ती भारतीय रोझवुडने, म्हणजे आपल्या शिसवाने. पणजीच्या शिसवी पलंगाचं आणि नातवाच्या फेंडरच्या पट्टीचं गोत्र एक! 2017मध्ये शिसवाच्या वर्गातल्या सगळ्या लाकडांवर परवान्याची अट आली होती; 2019च्या अखेरीस तयार वाद्यांना तिच्यातून सूट मिळाली. ब्राझिलियन पट्टीच्या जुन्या गिटारीला मात्र ती नाही. न्यू जर्सीतल्या आजोबांनी अशी गिटार पुण्यातल्या नातवाच्या नावे ठेवायची ठरवली, तर मृत्युपत्राइतकीच काळजी परवान्याची घ्यावी लागते.

विकत घेतलेल्या गिटारींच्या या सगळ्या गोष्टींत एक घरी बनवलेली गिटारही आहे, आणि मुलांना तीच सगळ्यांत आवडते. 1963मध्ये लंडनजवळ सोळा वर्षांचा ब्रायन मे आणि त्याचे वडील हॅरॉल्ड यांनी ती बनवायला घेतली. पैसे नव्हते. मान जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या महोगनीची, कीड लागून पडलेली भोकं काडेपेटीच्या काड्यांनी बुजवलेली. सूर थरथरवणाऱ्या यंत्रणेला मोटरसायकलच्या व्हॉल्वच्या स्प्रिंगा, तिच्या दांड्याच्या टोकाला आईची विणकामाची सुई, पट्टीवरचे ठिपके आईच्या शिवणाच्या डब्यातल्या शिंपल्याच्या बटणांचे. पुढे हीच 'रेड स्पेशल' त्याने क्वीन या बँडमध्ये वाजवली. गंमत म्हणजे मुलाबरोबर दोन वर्षं रात्री जागून गिटार बनवणाऱ्या हॅरॉल्डना त्याने खगोलशास्त्रातली पीएचडी सोडून वाजवत हिंडणं मुळीच पसंत नव्हतं. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्यांना कार्यक्रमाला नेल्यावर कुठे त्यांचा राग निवळला. ती पीएचडी ब्रायनने 2007मध्ये पुरी केली.

ब्रायन मे प्लास्टिकच्या पिकऐवजी सहा पेन्सच्या जुन्या नाण्याने तारा छेडतो. हे कळल्यावर मुलं लगेच नाणं शोधतात. आपल्याकडच्या डबीत 2011मध्ये बंद झालेली, गेंड्याचं चित्र असलेली पंचवीस पैशांची नाणी सापडतातच. त्याने तार छेडायला गेलं की नाणं तारांखालच्या पिकअपकडे ओढलं जातं. सहा पेन्सचं नाणं तांबं-निकेलचं, आपलं पोलादाचं, आणि पिकअपमध्ये लोहचुंबक असतो. त्याभोवती हजारो वेढ्यांची केसासारखी तांब्याची तार गुंडाळलेली असते, आणि वर पोलादी तार थरथरली की त्या वेढ्यांत वीज उमटते. मुलं मग नाणं हातात धरून पिकअपला पुन्हा पुन्हा चिकटवून पाहतात, आणि स्पीकरमधून येणारा 'टक्' आवाज ऐकत बसतात.